वर्गणीची वही

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या घरांत एकच वाट डोळ्यांपुढे येते. मुलगा विमानात बसतो, अम्मी विमानतळावर रडते, आणि मग दर जुम्म्याला नमाजानंतर व्हिडिओ कॉल. किर्गिझस्तान, फिलिपिन्स, जर्मनी, नावे तेवढी बदलतात. या सदरात त्या वाटेबद्दल आम्ही दोन-तीनदा लिहिले आहे. पण तिला एक उलटी वाटही आहे. तिकडची मुले शिकायला इकडे येतात, चार महिने राहतात आणि जातात. त्यांच्यासाठी इथली काही माणसे वर्षानुवर्षे नोकरी करतात. त्या नोकरीत आम्हीही होतो.

पुण्याला हे नवे नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली, तेव्हा तिचे इथले कार्यालय डेक्कन कॉलेजात होते. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट अमेरिकेतल्या कार्लटन कॉलेजात शिकवत आणि तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुण्यात येत. फलटणला राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके लिहिली. ती आम्ही शिकवताना इतकी वापरली की बांधणी दोनदा उसवली. ही सगळी मोठी माणसे. आमचे केंद्र मात्र लहान होते. भाड्याचा एक बंगला, दोन वर्गखोल्या, एक पडवी, आणि सहा माणसे.

मोठ्या बाई केंद्र सांभाळत. हिशेबाचे काका हिशेब सांभाळत आणि बाईंनाही. चाचा गाडी चालवत, टपाल नेत, नळ दुरुस्त करत. मावशी दुपारचे जेवण करत. मराठी शिकवायला आपा, आणि सहावे आम्ही. केंद्राचे नाव लिहीत नाही. ते आता नाही, आणि लिहायचे आहे ते नावाबद्दल नाही.

वर्षाची दोन सत्रे. जानेवारीत दहा-बारा मुले उतरत, एप्रिलअखेर जात. ऑगस्टमध्ये दुसरी तुकडी, ती डिसेंबरात जाई. मुले कुणाच्या तरी घरी राहत, सकाळी मराठी शिकत, दुपारी इतिहास आणि समाज. आमचे काम पहाटे दोन वाजता मुंबईच्या विमानतळावर सुरू होई आणि चार महिन्यांनी तिथेच संपे. मधल्या काळात कुणाचे पोट बिघडे, कुणी रिक्षात पासपोर्ट विसरे, कुणाला तिसऱ्या आठवड्यात घरची आठवण येऊन वर्गातच रडू फुटे. शिवाय कागद. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची वर्दी ‘सी फॉर्म’ भरून द्यायची असे. व्हिसा लांबचा असेल तर चौदा दिवसांत पोलीस आयुक्तालयात नोंदणी. हे फॉर्म ऑनलाइन झाले त्याआधी चाचांच्या डिकीत जॅकपेक्षा पासपोर्टच्या झेरॉक्सच जास्त असत.

शिकवणे हा त्यातला सुखाचा भाग. ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक ऐकू यायलाच त्या मुलांना महिना लागतो. ‘मला भूक लागली’ हे वाक्य त्यांना फार आवडे. भूक आपल्याला येऊन लागते, आपण काही करत नाही, हे ऐकून ती खुश होत. आणि दुसऱ्या आठवड्यात येई ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आपा फळ्यावर काही लिहीत नसे. एका मुलाला दाराबाहेर उभा करून वर्गाला म्हणे, “आम्ही चहा पिणार.” मग त्याला आत बोलावून म्हणे, “चला, आपण चहा पिऊ.” बाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला हा फरक जन्मभर विसरता येत नसे.

(मुले आमच्या मराठीचे कौतुक करत नसत, शिक्षकाला मराठी येणारच असे त्यांना वाटे. कौतुक करीत ते पुणेकर. “शेख, तरी किती शुद्ध बोलता! कुठे शिकलात?” आमच्या तीन पिढ्या सातारा जिल्ह्यात गेल्या हे सांगायचा कंटाळा आला, तेव्हा आम्ही “नोकरीवर शिकलो,” असे सांगू लागलो. आपल्या वाचकांना हा अनुभव समजावून सांगायची गरज नाही.)

मुलांच्या आठवणींचे केंद्रात कपाट होते. दर तुकडीचा फोटो, त्यांचे अहवाल, त्यांनी केलेली भेटकार्डे. आमच्या नावाचे तिथे काही नव्हते. हजेरीच्या मस्टरखाली काकांची एक निळी वही असे, तीत मात्र आम्ही होतो. कुणाकडे काही कार्य निघाले की काका माणशी शंभर, पुढे दोनशे रुपये जमा करीत आणि वहीत लिहीत: कोणाकडे, काय निमित्त, काय वस्तू, शिल्लक किती. लग्नाला पाच लिटरचा प्रेशर कुकर. बाळाला चांदीचे वाळे. घरभरणीला भिंतीवरचे घड्याळ. सोळा-सतरा वर्षांत या दरांत फारसा बदल झाला नाही.

त्यातला एक कुकर आपाचा. निकाहची तारीख ठरली जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मुलांच्या आगमनाचा तोच आठवडा. आपाचे अब्बू म्हणाले, मुलाकडच्यांची सुट्टी तेवढीच आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, विमाने काही थांबत नाहीत. शेवटी बाईंनीच तोड काढली. चार दिवसांपूर्वी भारतात उतरलेली बारा मुले चुरगळलेल्या कपड्यांत निकाहला आली. त्यांना मराठीतले एकच वाक्य येत होते, ते त्यांनी हॉलमधल्या प्रत्येकाला म्हणून दाखवले: “माझं नाव अमुक. तुमचं नाव काय?” काजीसाहेबांनाही. नवरी समोर नसताना लग्न कसे लागते, हे एका मुलीला कळेना. तिला बायकांच्या बाजूला नेले, तर होकार विचारायला वकील आणि गवाह आलेलेच होते. ती दारामागे श्वास रोखून उभी राहिली. नंतर मुख्य कार्यालयाला गेलेल्या अहवालात त्या दिवसाची नोंद ‘क्षेत्रभेट’ अशी आहे. आपा सहाव्या दिवशी कामावर आली. हाताची मेंदी ताजी होती आणि फळ्यावरचा खडू तिच्यावर बसत होता.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली. शाळा बंद, तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयासमोर रांगा. आम्ही रोज सकाळी एकेका मुलाचा ताप मोजून तिकडे कळवत होतो. आपाला तेव्हा आठवा महिना होता. बाईंनी तिला घरी बसवले ते बरेच केले. सप्टेंबरात मुलगी झाली. चाळीस दिवस झाले, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी आपा वर्गात हजर. मुलगी ग्रंथालयाच्या कोचावर, दोन उशांच्या मध्ये.

इतकी घाई का, हे तेव्हा आम्ही विचारले नाही, कारण माहीत होते. आम्हा सगळ्यांची नेमणूक सत्रापुरती होती. दर सत्राला नवे पत्र, नवी सही. रजा म्हणजे त्या सत्राचा पगार गेला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा होता, तेव्हा बारा आठवड्यांचा (२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी तो सव्वीस आठवड्यांचा झाला). पण आमच्यासारख्या कार्यालयाला तो लागू व्हायला दहा माणसे लागत. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यालाही दहा. भविष्यनिर्वाह निधीला वीस. आम्ही सहा. आपाचे तास आम्ही घेत होतो आणि तिचा पगार काका कसेबसे ‘वाचनसाहित्य तयार करणे’ या सदराखाली अर्धा काढत होते. काकांचा तेवढा एकच गुन्हा आम्हाला माहीत आहे.

आपल्या वाचक घरांतल्या कितीतरी मुली आज अशाच जागी आहेत. खासगी क्लास, छोटे दवाखाने, इंग्रजी शाळा. पगार वेळेवर, वागणूक घरच्यासारखी, म्हणून नेमणूकपत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. ते वाचा. ‘सत्रापुरती’, ‘अकरा महिन्यांसाठी’ असे काही आहे का पाहा. मस्टरवर एकूण किती नावे आहेत तेही मोजा. घरच्यासारख्या वागणुकीला आम्ही नावे ठेवत नाही. आम्हाला ती भरपूर मिळाली. पण तिचा महिना भरत नाही.

आता जे लिहायचे आहे ते आजवर लिहिले नव्हते.

जानेवारी २०१० च्या तुकडीतल्या एका मुलीने फॉर्मवर लिहिले होते, घरात लहान बाळ असेल तर मला आवडेल. आमच्या यादीत तसे घर नव्हते. मोठ्या बाई आपाला म्हणाल्या, तुमच्याकडे? कोंढव्याचे ते घर भरलेले होते. सासू-सासरे, दीर, जाऊ, चार महिन्यांचे बाळ. आपाच्या सासूबाईंनी वरची खोली रंगवून घेतली. यादीतले ते पहिले मुसलमान घर. मुलगी आठवड्यात रुळली. सकाळी बाळाला मालिश करताना बघायची, संध्याकाळी अम्मांबरोबर तांदूळ निवडायची. केंद्रात मराठी आणि त्या घरात दखनी. दोन्ही मिसळून तिने स्वतःची एक तिसरीच भाषा केली, तिला गुण कोणत्या भाषेचे द्यायचे हा आम्हाला प्रश्न पडला.

१३ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा माणसे गेली. परदेशी मुलांची ती बसायची जागा, आमचीही मुले तिथे जात. फोन लागत नव्हते. बाईंच्या घरी आम्ही यादी घेऊन बसलो आणि एकेका नावापुढे खूण करत गेलो. शेवटचे दोघे सिनेमाला गेलेले निघाले. चाचा गाडी घेऊन रात्री तीनपर्यंत प्रत्येक घराच्या दारात जाऊन आले. फोनवर कळले तरी डोळ्यांनी बघून आले. कोंढव्यात ती मुलगी अम्मांच्या खोलीत गादी टाकून झोपली होती.

दहा दिवसांनी मुख्य कार्यालयाने यजमान घरांची यादी मागवली. पत्त्यांसह. मग पत्र आले: त्या मुलीला दुसरीकडे हलवावे. कारण लिहिले होते, केंद्रापासूनचे अंतर. धायरीचे एक घर कोंढव्याहून लांब होते. धायरीबद्दल पत्र आले नाही.

आम्ही काय केले? काही नाही. मोठ्या बाईंनी एक उत्तर लिहिले, फाडले, दुसरे लिहिले, आणि शेवटी सही केली. काकांनी नवा सी फॉर्म भरला. चाचांनी सामान गाडीत ठेवले. आपाचे शिक्षक-सहकारी म्हणून आम्ही दारात उभे राहून ‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे’ असे काहीतरी बोललो. ती मुलगी रडत होती आणि बाळ तिच्याकडे बघून हसत होते. आपाच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, “मेहमान क्या लिस्ट देखके आते क्या?” आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी आपाने वर्ग घेतला. तिने आमच्याशी कधी या विषयावर वाद घातला नाही, तोंड वाकडे केले नाही. तिने वाद घातला असता तर आम्हाला बरे वाटले असते. सहा माणसांची नोकरी दर सत्राला एका सहीवर उभी, हे आमचे कारण होते. कारण खरे आहे. तरी ते लिहिताना आज हात अडखळतो.

मुलगी मात्र दर शुक्रवारी रिक्षाने कोंढव्याला जेवायला जात राहिली. बाईंना माहीत होते. त्यांनी ते कुठल्याच अहवालात लिहिले नाही.

ते घर यादीत परत आले तेव्हा पाच सत्रे उलटली होती. परत घेतल्याचे पत्र नव्हते. बाईंनी एका दुपारी यादी टाइप करताना ते नाव घातले, आणि तिकडून कोणी विचारले नाही. आपाने यादी वाचली, काही न बोलता फाइलला लावली, आणि संध्याकाळी अम्मांना फोन करून वरच्या खोलीचा पंखा साफ करून घ्यायला सांगितले.

वहीत याची नोंद नाही. वही कार्यांची. मयतीचीही तीत नोंद नसे. काकांच्या घरातून काकू गेल्या त्या दिवशी बाई आणि आम्ही मुलांना घेऊन अजिंठ्याला होतो. मावशी पिठलंभात घेऊन गेल्या, आपाच्या घरून थर्मासमधून चहा गेला, चाचांनी वैकुंठाला गाडी नेली. आम्ही लेण्यांतल्या अंधारात मुलांना जातककथा समजावून सांगत होतो. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो.

चाचांच्या हजचे पान त्या मानाने आनंदाचे. हज कमिटीच्या कुर्ऱ्यात त्यांचे आणि चाचींचे नाव तिसऱ्या वर्षी लागले. तेव्हा त्यांनी बातमी कुणाला सांगण्याआधी कॅलेंडर काढून बघितले. हज ऑक्टोबरात, म्हणजे ऐन सत्र, आणि रजा चाळीस दिवसांच्या आसपास. बाई म्हणाल्या, “गाडी मी चालवीन.” बाईंना गाडी चालवता येत नव्हती. मुले रिक्षाने फिरली आणि पुण्याच्या रिक्षावाल्यांकडून एका पुस्तकात नाही इतके मराठी शिकली. वहीत लिहिले आहे: इहरामचे दोन संच, खिशाचा पट्टा एक. चाचा परत आले तेव्हा सगळ्यांना खजूर आणि जमजमची एकेक छोटी बाटली. काकांनी विचारले, हे पाणी खराब होते का? चाचा म्हणाले, नाही. काकांच्या फ्रिजच्या दारात ती बाटली अजून आहे.

मग २०२०. भारत सरकारने १३ मार्चपासून बाहेरून येणाऱ्यांचे बहुतेक व्हिसा स्थगित केले. तिकडच्या विद्यापीठांनी मुलांना परत बोलावले. जे सामान जमवायला चार महिने लागतात ते दोन दिवसांत बांधले गेले. चाचांनी मुंबईच्या तीन फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीहून परतताना द्रुतगती महामार्ग मोकळा होता, ते म्हणाले, असा रस्ता मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. आठवड्यात टाळेबंदी लागली.

सत्र पुरे करायचे होते. आमची रात्रीची साडेआठ म्हणजे शिकागोची सकाळी दहा. एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. मगरिबला रोजा सोडायचा, इशा आणि तरावीह घरातच, आणि मधल्या वेळात आपा लॅपटॉप उघडून विचारायची, “आज तुम्ही काय खाल्लं?” पलीकडून एक मुलगा म्हणायचा, “मी काही खाल्लं नाही, मी तुमच्याबरोबर रोजा आहे.” ‘रोजा आहे’ नाही, ‘रोजा ठेवलाय’, असे आपाने सुधारले. मुलगा कुठल्या धर्माचा होता, आम्ही विचारले नाही.

जुलैमध्ये पत्र आले. केंद्र बंद. पत्र चांगले होते. त्यात ‘कुटुंब’ हा शब्द तीनदा होता. आम्हाला फार दुःख होत आहे, आम्ही या निर्णयापर्यंत जड मनाने आलो, आम्ही यातून एकत्र बाहेर पडू. आपाचा फोन आला. म्हणाली, “सर, ह्यातला ‘वुई’ कुठला लावायचा? आम्ही का आपण?” आणि हसली. आम्हीही हसलो. मग थोडा वेळ दोघांनाही फोन ठेवता येईना.

प्रत्येकाला एका महिन्याचा पगार आणि एक प्रशस्तिपत्र मिळाले. आपाची सोळा वर्षे झाली होती, चाचांची बावीस. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा असतो: शेवटचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षे. सोळा वर्षांचे होतात सव्वानऊ पगार. काकांनी तो हिशेब कागदावर करून बघितला. कशासाठी, ते त्यांनाच माहीत. मग कागद निळ्या वहीत ठेवला.

त्यानंतरचे थोडक्यात. मावशींचे डबे चालतात. आपा ऑनलाइन मराठी शिकवते, तिचे बरेचसे विद्यार्थी जुन्यांनी पाठवलेले. चाचांनी काही वर्षे शाळेची व्हॅन चालवली, आता गुडघ्यांनी जबाब दिला. मोठ्या बाई मुलीकडे नाशिकला असतात. आम्ही हे सदर लिहितो. जर्मन बेकरीच्या वर्षीची ती मुलगी आता तिकडे एका शाळेत शिकवते. ईदला कोंढव्यात तिचा फोन येतो आणि अम्मा तिला प्रत्येक वेळी विचारतात, शादी हुई क्या.

गेल्या महिन्यात चाचांच्या धाकट्या मुलीचा निकाह झाला. आम्ही सहाही जण होतो, बाई नाशिकहून सकाळच्या बसने आल्या. जेवणानंतर काकांनी पिशवीतून निळी वही काढली. शिल्लक एक हजार तीनशे चाळीस रुपये. सहा वर्षांपूर्वीची. कोणी तरी म्हणाले, त्याचे आता काय येणार. काका म्हणाले, माणशी पाचशे घाला. आपाची मुलगी, ती कोचावरची, आता अकरावीत आहे. काकांचा हात थरथरतो म्हणून वहीतले नवे पान तिने लिहिले. तारीख, कोणाकडे, काय निमित्त. वस्तूच्या रकान्यापाशी ती थांबली.

“कुकर लिही,” काका म्हणाले. “पाच लिटर.”

“पाच कशाला,” मावशी म्हणाल्या. “दोघंच राहणार आहेत. तीनचा पुरतो.”

यावर बराच वेळ चर्चा झाली.